डेस्कटॉप बदलणारे छोटे प्रोग्रॅम

संगणकाचा डेस्कटॉप आपल्या सोयीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे बदलून देणारे छोटे प्रोग्रॅम ग्राफिक पडद्याइतकेच जुने आहेत. कोपऱ्यात घड्याळ दाखवणारे, खिडक्यांच्या चौकटी बदलणारे, मेनू झटपट उघडायला लावणारे, पडदा रिकामा असताना त्यावर चित्रे हलवणारे असे त्यांचे कितीतरी प्रकार झाले. बरेचसे एकेकट्या प्रोग्रॅमरने फावल्या वेळात लिहिलेले आणि फुकट किंवा नाममात्र किमतीत वाटलेले होते. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपन्यांनी जे दिले नाही ते यांनी दिले. त्यातले लोकांना आवडले ते कंपन्यांनी पुढे स्वतःच्या सिस्टिममध्ये घेतले. आज मूळच्याच वाटणाऱ्या कितीतरी सोयी या वाटेने आल्या आहेत.

१९८२ साली अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉशची जुळवाजुळव चालू होती. ख्रिस एस्पिनोसा पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरचे रूप ठरवत होते आणि स्टीव्ह जॉब्झ दर वेळी त्यात खोट काढत होते. कधी पार्श्वभूमी गडद वाटे, कधी रेघा जाड, कधी बटणे मोठी. शेवटी एस्पिनोसांनी नवे चित्र काढण्याचा नाद सोडला आणि एक छोटा प्रोग्रॅमच लिहिला. रेघांची जाडी, बटणांचा आकार, पार्श्वभूमीची नक्षी हे सगळे त्यात मेनूतून बदलता येई. जॉब्झ त्याच्यापुढे दहाएक मिनिटे बसले, मनासारखे फेरफार केले आणि कॅल्क्युलेटर ठरला. तो मॅक ओएस ९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दशके, फारसा न बदलता टिकला. वस्तूचे रूप वर्णन करून सांगण्यापेक्षा ते वापरणाऱ्याच्याच हाती द्यावे, ही या सगळ्या प्रोग्रॅमांमागची कल्पना त्या प्रसंगात पुरती दिसते.

१९८४ च्या जानेवारीत मॅकिंटॉश बाजारात आला. त्याचा पडदा काळा-पांढरा, ५१२ गुणिले ३४२ बिंदूंचा. त्यावरचे कंट्रोल पॅनल सुझन केअर यांनी चितारले होते आणि अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहिले होते. त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. कळ दाबून धरल्यावर अक्षर किती वेगाने उमटत राहावे हे ठरवायला एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा होता. डेस्कटॉपची पार्श्वभूमी आठ गुणिले आठ बिंदूंच्या एका चौकोनाची पुनरावृत्ती असे. तो चौकोन पॅनलमध्ये मोठा करून दाखवलेला असे आणि एकेका बिंदूवर क्लिक करून काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा करता येई. अवघ्या चौसष्ट बिंदूंत लोकांनी विटा रचल्या, चटया विणल्या, पाने-फुले काढली. घरगुती संगणकाचा पडदा मालकाच्या हाताने बदलण्याची सुरुवात म्हणून या चौकोनाचा मान मोठा आहे.

आयबीएमच्या संगणकांवर त्या सुमारास असे काही नव्हते, पण तिथे वेगळी गरज होती. काचेच्या नळीच्या पडद्यावर एकच मजकूर तासन्‌तास राहिला की आतल्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडे. जॉन सोचा यांचा 'स्क्रनसेव्ह' नावाचा प्रोग्रॅम १९८३ च्या डिसेंबरमध्ये 'सॉफ्टटॉक' मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळफलकाला हात लागला नाही की तो पडदा काळा करी. तीनाची पाच मिनिटे करायची तर प्रोग्रॅम नव्याने संकलित करावा लागे. स्क्रीनसेव्हर म्हणून पुढे जी जात फोफावली तिचा हा मूळपुरुष. सोचांनी पुढे 'नॉर्टन कमांडर' लिहिले आणि त्याचे नाव जास्त झाले.

मॅकवर मात्र या प्रोग्रॅमांचे खरे पेव फुटले, आणि त्याला एक तांत्रिक कारण होते. खिडकी काढणे, मेनू उघडणे, अक्षर उमटवणे यांसारख्या कामांचे पत्ते मॅकच्या मेमरीत एका तक्त्यात मांडलेले असत. संगणक सुरू होताना एखादा छोटा प्रोग्रॅम त्या तक्त्यातला पत्ता खोडून तिथे स्वतःचा पत्ता लिहू शके. मग मेनू उघडायची आज्ञा आधी त्याच्याकडे येई, तो आपली भर घाली आणि काम मूळ ठिकाणी पुढे पाठवी. अशा प्रोग्रॅमांना आधी 'इनिट' आणि १९९१ च्या सिस्टिम ७ पासून 'एक्स्टेन्शन' म्हणत. मॅक सुरू होताना पडद्याच्या तळाशी त्यांच्या चित्रांची रांग लागे, आणि रांग जितकी लांब तितका मालक हौशी असे समजायला हरकत नव्हती. या मोकळिकीची किंमतही होती. दोन एक्स्टेन्शन एकाच पत्त्यावर हक्क सांगू लागली की मॅक अडकून बसे. शिफ्ट कळ दाबून ठेवून सगळी एक्स्टेन्शन बंद ठेवणे आणि एकेक चालू करत गुन्हेगार शोधणे ही त्या काळच्या मॅकधारकांची ठरलेली कसरत होती. 'कॉन्फ्लिक्ट कॅचर' नावाचा एक प्रोग्रॅम तर हे भांडण शोधण्यासाठीच विकला जाई.

मेनूच्या पट्टीत वेळ दाखवणारे 'सुपरक्लॉक' स्टीव्ह क्रिस्टेन्सन यांचे. खिडकीच्या माथ्यावर क्लिक करून तिला पडद्यासारखी वर गुंडाळणारे 'विंडोशेड' रॉब जॉन्स्टन यांचे. दोन्ही १९९४ च्या सिस्टिम ७.५ मध्ये अ‍ॅपलने सामावून घेतली. आज प्रत्येक संगणकाच्या कोपऱ्यात घड्याळ असते. ते एके काळी वेगळे आणून बसवावे लागे, हे आता सांगावे लागते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली सिस्टिम्सने १९८९ साली 'आफ्टर डार्क' हा स्क्रीनसेव्हर संच काढला. पंख फुटलेले टोस्टर पडद्यावरून उडत जातात आणि सोबत भाजलेले पाव तरंगतात, हे त्यातले चित्र जगभर पोचले. डागापासून पडदा वाचवणे हे निमित्त राहिले आणि लोक त्यासाठी करमणूक म्हणून पैसे मोजू लागले. डेस्कटॉपची सजावट हा धंदा होऊ शकतो हे या टोस्टरांनी सिद्ध केले.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये वॉलपेपर आला तो १९९० च्या विंडोज ३.० पासून, आणि स्क्रीनसेव्हर आले १९९२ च्या ३.१ मध्ये. या विंडोजची बरीच रचना साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असे. 'सिस्टिम.आयएनआय' या फायलीत 'शेल' या शब्दापुढे 'प्रोगमॅन.एक्सई' असे नाव असे. ते खोडून दुसऱ्या प्रोग्रॅमचे नाव लिहिले की विंडोज त्या दुसऱ्या रूपात उघडे. 'नॉर्टन डेस्कटॉप'सारखी उत्पादने या एका ओळीवर उभी राहिली. नोटपॅड उघडता येणाऱ्या कोणालाही आपल्या संगणकाचा दर्शनी भाग बदलता येत होता.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि त्यासोबत 'प्लस!' नावाचे वेगळे विकत घ्यायचे पाकीटही आले. त्यात 'थीम' होत्या. वॉलपेपर, माउसचे बाण, आयकॉन आणि आवाज हे सगळे एकाच कल्पनेतले, मग ती लिओनार्दो दा विंचीची असो वा भयंकर प्राण्यांची. पण हौशी लोकांना खरी भुरळ घातली ती 'पॉवरटॉइज'ने. विंडोज ९५ चा दर्शनी भाग घडवणाऱ्या प्रोग्रॅमरांनी कामाच्या ओघात स्वतःसाठी केलेली ही हत्यारे कंपनीने, कसलीही हमी न घेता, फुकट देऊन टाकली. त्यातले 'ट्वीक यूआय' सर्वांत गाजले.

ट्वीक यूआयचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. विंडोज ९५ मध्ये माउस उपमेनूवर नेला की तो उघडायला ४०० मिलिसेकंद लागत. हा आकडा रजिस्ट्री नावाच्या सरकारी दप्तरासारख्या अवाढव्य नोंदवहीत 'मेनूशोडिले' या नावाखाली ठेवलेला असे. तो शोधून हाताने बदलता येई, पण भलत्या ठिकाणी बोट पडले तर संगणक सुरूच न होण्याची भीती. ट्वीक यूआयने त्या आकड्यापुढे एक सरकपट्टी ठेवली. पट्टी एका टोकाला नेली की मेनू बोटाबरोबर उघडू लागे. संगणक तोच, प्रोसेसर तोच, पण वापरणाऱ्याला तो नवा वाटे. शॉर्टकटच्या चित्रावरचा छोटा बाण काढणे, माउस जिथे जाईल ती खिडकी आपोआप जागी करणे, अशा अनेक लपलेल्या किल्ल्या त्याने समोर आणून ठेवल्या. त्याने नवे असे थोडेच केले. सिस्टिममध्ये आधीपासून असलेले, पण दडवलेले, दाखवून दिले. या जातीच्या प्रोग्रॅमांचे सर्वांत मोठे उपकार हेच आहेत.

ज्यांना एवढ्यानेही समाधान होत नसे ते 'एक्सप्लोरर.एक्सई' ही फाइल तिच्यातले कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडून 'स्टार्ट' बटणावरचा शब्द बदलत. इंग्रजीत त्या शब्दाची पाच अक्षरे, म्हणून नवा शब्दही पाचांत बसवावा लागे. पाच अक्षरी नाव असलेल्यांचे भाग्य.

१९९७ साली जस्टिन फ्रँकेल यांचा 'विनअँप' हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम आला आणि 'स्किन' हा शब्द घराघरांत गेला. विनअँपची मुख्य खिडकी २७५ गुणिले ११६ बिंदूंची. तिचे रूप काही चित्रांच्या फायलींत साठवलेले असे: एकीत पार्श्वभूमी, एकीत बटणे, एकीत वेळेचे आकडे, एकीत आवाजाची सरकपट्टी. प्रत्येक बटणाची दोन चित्रे, सुटलेले आणि दाबलेले, ठरलेल्या जागी असली की झाले. उसळणाऱ्या आलेखाचे रंग चोवीस ओळींच्या एका मजकुरी फाइलीत, ओळीला एक रंग. हे सगळे झिप करून शेपटीचे नाव बदलले की स्किन तयार. प्रोग्रॅमिंगचा एक शब्द लागत नसे. 'पेंट' चालवता येणारा शाळकरी मुलगा रविवारच्या दुपारी स्किन करू शके, आणि अशा मुलांनीच ती हजारोंनी केली. लाकडी रेडिओ, चकचकीत स्टिरिओ, सिनेमांची पोस्टरे, मोटारींचे डॅशबोर्ड असे सगळे त्या इवल्या आयतात येऊन गेले. डेस्कटॉपच्या इतिहासात इतक्या साध्या माणसांच्या हाती इतके अधिकार दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमने दिले नाहीत.

हीच गोष्ट सबंध सिस्टिमला लावायचे प्रयत्न सुरू होतेच. मॅकवर ग्रेग लँडवेबर आणि आर्लो रोझ यांचे 'कॅलिडोस्कोप' खिडक्या, बटणे, मेनू या सर्वांचे रूप पालटून टाकी. अ‍ॅपलनेही मॅक ओएस ८.५ साठी स्वतःच्या थीम तयार केल्या होत्या, पण १९९८ मध्ये ती आवृत्ती बाजारात येण्याआधी त्या काढून टाकल्या. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ब्रॅड वॉर्डेल यांची स्टारडॉक कंपनी १९९५ पासून आयबीएमच्या ओएस/२ साठी 'ऑब्जेक्ट डेस्कटॉप' विकत होती. ओएस/२ चा बाजार उठला तेव्हा ती विंडोजकडे वळली आणि 'विंडोब्लाइंड्स' घेऊन उभी राहिली. स्किन करणाऱ्या कलाकारांची एक वेगळीच बिरादरी यातून तयार झाली. चित्रकारांसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेले 'डेव्हियंटआर्ट' ऑगस्ट २००० मध्ये याच बिरादरीतून उभे राहिले.

युनिक्सच्या जगात सिस्टिमचे रूप बदलण्यासाठीचा हा झगडा मुळातच नव्हता. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमने पडद्यावर रेघा कशा काढायच्या एवढेच सांगितले. खिडकीची चौकट कशी दिसावी हे ठरवणारा विंडो मॅनेजर वेगळा प्रोग्रॅम असे आणि तो कोणालाही बदलता येई. 'ट्विम', 'एफव्हीडब्ल्यूएम', 'एन्लायटनमेंट' असे एकामागून एक मॅनेजर आले. माउसच्या बाणाकडे टक लावून पाहणारे 'एक्सआइज'चे दोन डोळे आणि बाणामागे धावणारे जपानी मांजर 'नेको' ही त्या पडद्यांवरची आवडती मंडळी. २००६ साली 'कॉम्पिझ'ने चार डेस्कटॉप एका फिरत्या घनाच्या चार बाजूंवर चिकटवले, तेव्हा केवळ तो घन पाहून लिनक्स बसवणारेही निघाले.

भारतात हे प्रोग्रॅम प्रामुख्याने सीडीवरून पसरले. टेलिफोनच्या तारेवरून दोन-तीन मेगाबाइट उतरवणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते. मुंबईहून निघणाऱ्या 'चिप' आणि नंतर 'डिजिट' या इंग्रजी मासिकांसोबत येणाऱ्या सीडीत फुकट प्रोग्रॅमांची रेलचेल असे. मराठी माणसाला मात्र डेस्कटॉपमध्ये आणखी एक बदल हवा होता, आणि तो सजावटीचा नव्हता. पुण्याच्या सीडॅकचे 'आयएसएम' आणि पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचे 'श्रीलिपी' हे विंडोजमध्ये पाठीमागे चालत राहून इंग्रजी कळफलकावरून देवनागरी उमटवत. तंत्र तेच, सिस्टिम आणि माणूस यांच्या मध्ये उभे राहण्याचे. पण त्यांची देवनागरी फाँटपुरती होती. पत्र मराठीत लिहिले तरी आयकॉनखालचे फाइलीचे नाव सहसा रोमन लिपीतच राही. विंडोज २००० मध्ये युनिकोडची देवनागरी आणि तिच्यासाठी 'मंगल' हा टाइप आला तेव्हा ही अडचण मुळातून सुटली. मंगल घडवला होता सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी.

फुकट वाटपाची दुसरी बाजू त्याच सुमारास उघडी पडली. 'कॉमेट कर्सर' हा माउसचा बाण नटवणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला एक क्रमांक देऊन त्याचा माग ठेवतो असे १९९९ साली उघड झाले. 'बॉन्झीबडी' हा जांभळा गोरिला पडद्यावर गप्पा मारी, विनोद सांगी आणि जाहिराती घुसवी. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल त्याच्या कंपनीला २००४ मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाच्या कारवाईत ७५ हजार डॉलर दंड भरावा लागला. अशा प्रोग्रॅमांनी सगळ्या जातीचे नाव खराब केले. कचेऱ्यांतून काहीही बसवायला बंदी आली ती तेव्हापासून, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. प्रामाणिक कारागिरांचे मात्र त्यात हकनाक नुकसान झाले.

कॅलिडोस्कोपवाले आर्लो रोझ यांनी पेरी क्लार्क यांच्यासोबत फेब्रुवारी २००३ मध्ये 'कॉन्फॅब्युलेटर' काढले. हवामान, घड्याळ, बॅटरी दाखवणारे देखणे तुकडे डेस्कटॉपवर ठेवायचे आणि ते जावास्क्रिप्टमध्ये कोणीही लिहायचे, अशी त्याची मांडणी. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने 'डॅशबोर्ड' जाहीर केला आणि मॅकच्या सिस्टिमच्या २००५ च्या टायगर आवृत्तीत तो आला. कल्पना उचलली असा आरोप झाला. १९८४ च्या मॅकवरच डेस्क अ‍ॅक्सेसरी नावाचे असे छोटे प्रोग्रॅम होते, असे उत्तर दिले गेले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी लोकांना पुन्हा अशा तुकड्यांची गोडी लावण्याचे श्रेय रोझ-क्लार्क यांचेच. जुलै २००५ मध्ये याहूने कॉन्फॅब्युलेटर विकत घेतले. मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टामध्ये 'साइडबार' आणि 'गॅजेट' दिली, पण २०१२ च्या जुलैमध्ये त्यांतून संगणकात शिरकाव होऊ शकतो म्हणून ती बंद करण्याची सूचना काढली. विंडोज ८ मध्ये ती उरलीच नाहीत.

या सगळ्यातून टिकला तो 'रेनमीटर'. २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रोग्रॅम पुढे मुक्त स्रोत झाला आणि स्वयंसेवकांनी चालवला. त्याची स्किन म्हणजे साध्या मजकुराची फाइल. 'मेझर' काय मोजायचे ते सांगते, 'मीटर' ते कसे दाखवायचे ते. प्रोसेसरवरचा भार मोजणारी चार ओळींची नोंद, तो आकडा लिहिणारी आणखी चार ओळींची, आणि दर हजार मिलिसेकंदांनी ताजे करण्याची आज्ञा, एवढ्यावर एक चालते स्किन उभे राहते. सिस्टिमच्या पोटात हात घालायचा नाही, वर बसून काम करायचे, हा त्याचा शहाणपणा आहे.

पोटात हात घालणाऱ्यांचे दिवस कठीण होत गेले. २००१ च्या विंडोज एक्सपीत थीमची सोय होती, पण मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसलेली थीम ती नाकारी. 'यूएक्सथीम.डीएलएल' ही फाइल दुरुस्त करून लोकांनी ती अट ओलांडली आणि दर मोठ्या अपडेटनंतर पुन्हा दुरुस्त करत राहिले. अ‍ॅपलने मॅकच्या २०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीत सिस्टिमच्या फायली आणि प्रोग्रॅम कुलूपबंद केले. एक्स्टेन्शनच्या काळातली पत्ते बदलण्याची वाट त्याने जवळजवळ बुजली. सुरक्षेचे कारण खरे होते. पण सुरक्षेच्या नावाखाली निवडही आक्रसली. २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम ३ या डेस्कटॉपने लिनक्सवाल्यांच्या जुन्या सवयी मोडल्या, तेव्हा लगोलग 'ट्वीक टूल' आले आणि जुने रूप सांभाळणारा 'मॅटे' वेगळा निघाला. विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढले तेव्हा इवो बेल्चेव्ह यांच्या 'क्लासिक शेल'कडे लोकांनी धाव घेतली. विंडोज १० ची दर सहामाही आवृत्ती काही ना काही मोडू लागल्यावर बेल्चेव्ह यांनी डिसेंबर २०१७ मध्ये काम थांबवले आणि मूळ मजकूर सर्वांना खुला केला. तो आज 'ओपन-शेल' या नावाने चालतो. २०२१ च्या विंडोज ११ ने टास्कबार पडद्याच्या तळाशी जखडला. १९९५ पासून तो चारही बाजूंना नेता येत होता. ही माघारच होती, आणि ती भरून काढायला 'एक्सप्लोररपॅचर'सारखे प्रोग्रॅम पुन्हा पुढे आले.

दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये 'पॉवरटॉइज' हे नाव पुन्हा काढले, या वेळी मुक्त स्रोत म्हणून. पडद्याचे हवे तसे वाफे पाडून त्यांत खिडक्या बसवणारे 'फॅन्सीझोन्स' त्यात पहिल्यापासून आहे. अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटलिनात डॅशबोर्ड काढून टाकला आणि २०२३ च्या सोनोमात तसेच तुकडे थेट डेस्कटॉपवर परत आणले. विनअँपची पासष्ट हजारांहून अधिक स्किन इंटरनेट अर्काइव्हने जपून ठेवली आहेत. त्यांची रचना मुळात इतकी सोपी होती की ती आता कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडून त्यांच्यावर गाणेही वाजवता येते.